कमी झालेले नऊ किलो

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
कॅरियरच्या मागच्या फळीवर, वजनकाटा मांडीवर घेऊन
मी सिगाटोका नदीच्या कडेकडेनं वर जाते.
काटा रडक्या पोरासारखा. खड्डा आला
की कुणी उभं नसतानाही चार किलो दाखवतो.

सभाघरात चटया सरकवून तो मधोमध ठेवायचा.
बायका येतात, अंगाला खोबरेल चोपडलेलं,
चढतात, हसतात,
आकडा माझाच असल्यासारखा माझ्याकडे बघतात.
उतरल्या की काट्यावर तेलकट पावलं. ती मी पुसते.

माझ्याकडे तक्ता आहे: हिरवा, पिवळा, लाल.
लाल रकान्यावर छापलेला शब्द
आमच्या बोलीत आणताना दर वेळी ठेच लागते.
शब्द नाही असं नाही. आहे. जुबु विना.
पण त्याचा अर्थ छान वाढलेली,
अंगापिंडानं भरलेली,
जिचं कुणीतरी मनापासून करतं अशी.
तो मी लाल रकान्यात कसा लिहू?
आणि लाल रकाना खोटाही नाही.
अकानिसीच्या नवऱ्याचा डावा पाय
गुडघ्याखालून गेला, तेव्हा कंदील मीच धरला होता बोटीत.

उलामिलाचं घर रस्त्याला लागून.
दार उघडं, आणि दारातून हाक: ये, जेव.
पाद्री, टपालवाला, हरवलेली गाय शोधणारा मुनसामी,
कुणी तिच्या दारावरून रिकाम्या पोटी पुढे गेलं नाही.
भाचा इलाईतिया सुवाहून सुटीत आला
तेव्हा त्याचे खांदे चाचपून ती चुलीपाशी जाऊन रडली.
तो म्हणाला, आत्या, जिम लावलंय. मुद्दाम उतरवलंय.
मुद्दाम?
तिनं तो शब्द कच्च्या दालोसारखा
तोंडात घोळवला, गिळता आला नाही.
म्हणाली, लोक तुला नाही विचारणार,
मला विचारतील, तुझी चूल विझली होती का?

फेब्रुवारीत ती काट्यावर चढली. नऊ किलो कमी.
मी आकडा दोनदा पाहिला.
लालमधून पिवळ्यात! माझ्या अकरा वर्षांत पहिलीच.
मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.
तक्त्यावर लिहिलं, उत्तम प्रगती, असंच चालू ठेवा.
दुसरी टाळी पडली नाही.
कोपऱ्यातून अकानिसी हळूच म्हणाली, लिला.
लिला म्हणजे वाळणं, आतल्या आत झरत जाणं.
खापरपणज्यांच्या काळी माणसं घेऊन गेलेल्या साथीचंही हेच नाव.
मी म्हटलं, जुन्या समजुती सोडा आता.
संध्याकाळी उलामिलाच्या दारात
खेकडे, नारळ, पाल्याची भाजी, भाजलेला कसावा,
पाटीवर पाटी.
तिच्या दारात आजवर कुणी काही आणून ठेवलं नव्हतं.

मार्चमध्ये आणखी सहा.
एप्रिलमध्ये मी रक्त काढून लाउतोकाला पाठवलं.
कागद आला. त्यावरच्या लांबलचक शब्दाचं
मला भाषांतर करावं लागलं नाही,
गावानं तो आधीच म्हणून ठेवला होता.

या गुरुवारी काटा कॅरियरमधून उतरवलाच नाही.
ती चटईवर पडून होती, खोबरेलाचा वास तसाच.
मी नाडी बघायला हात पुढे केला
तर तिनंच माझं मनगट धरलं,
अंगठा आणि मधलं बोट,
आणि बोटं जुळून वर नखभर उरली.
हाड लागतंय गं, म्हणाली.
तुला कोण जेवायला घालतं?

सकाळी साडेपाचला चहाबरोबर दोन बिस्किटं,
दुपारी जमलं तर. यासाठी माझ्या तक्त्यात
रकाना नाही.
इलाईतियानं ताट आणून ठेवलं. रजा टाकून आलाय,
त्याला आता स्वयंपाक येतो, थोडा खारट.
बाहेर कॅरियरनं दोनदा हॉर्न दिला.
मी बसून जेवत राहिले.
ती एकेक घास बघत होती.